कौटुंबिक मोटारगाडीच्या स्टिअरिंगमधील आवाज : निदान व दुरुस्ती – एक विवेचन

गोषवारा :

स्टिअरिंग वळविताना गाडीच्या पुढील भागातून येणारा आवाज ही कौटुंबिक मोटारगाडीविषयीची एक नित्याची तक्रार होय. हा आवाज कधी केवळ कोरड्या पडलेल्या रबराचा असतो, तर कधी चाकास स्टिअरिंगशी जोडणारा सांधा निखळण्याच्या बेतात असल्याची ती पूर्वसूचना असते. दोन्ही आवाज कानास जवळजवळ सारखेच वाटू शकतात. त्यामुळे केवळ आवाजावरून अंदाज बांधून केलेली दुरुस्ती एक तर अनावश्यक खर्चाची ठरते किंवा खरा धोका तसाच राहू देते. आवाज कसा येतो यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत येतो याची पद्धतशीर नोंद हीच अचूक निदानाची पहिली पायरी आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : स्टिअरिंग, रॅक व पिनियन, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, घर्षण, निदान.

१. प्रस्तावना :

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी भारतीय रस्त्यांवर आली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत छोटी मोटार मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली. मोटार घरी आली तरी तिच्या यंत्रणेची ओळख मात्र बहुतेकांना झाली नाही. गाडी बंद पडली तर बिघाड उघड दिसतो; आवाज येत असताना मात्र गाडी चालू असते, म्हणून तक्रार पुढे ढकलली जाते. अखेर गाडी गॅरेजमध्ये नेली जाते आणि ‘आवाज येतो’ एवढेच सांगून मालक मोकळा होतो. गॅरेजमधील मिस्त्री गाडीची एक छोटीशी फेरी मारतो. नेमका त्या वेळी आवाज येत नाही, किंवा आला तरी तो अनेक सुट्या भागांपैकी कशाचाही असू शकतो. मग अनुभवाच्या आधारे एखादा भाग बदलला जातो. आवाज थांबला तर निदान बरोबर ठरते, न थांबल्यास दुसरा भाग बदलला जातो.

या पद्धतीत दोन प्रकारची हानी संभवते. पहिली आर्थिक स्वरूपाची. स्टिअरिंग रॅक हा महागडा भाग बदलल्यानंतर खरा दोष एका लहानशा लिंक रॉडमध्ये होता असे निष्पन्न होणे, हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरी हानी अधिक गंभीर आहे. ‘रस्ताच खराब आहे, आवाज येणारच’ असे म्हणून दुर्लक्षिलेला सांधा धावत्या गाडीत निखळला, तर ते चाक चालकाच्या नियंत्रणाबाहेर जाते. त्यामुळे हा विषय गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) स्टिअरिंग व त्याच्याशी संलग्न भागांची रचना सामान्य वाचकास समजेल अशा रीतीने मांडणे.
२) आवाजाच्या उत्पत्तीमागील भौतिक कारणे स्पष्ट करणे.
३) आवाजाचे स्थान शोधण्याची क्रमबद्ध पद्धत सुचविणे.
४) दुरुस्तीत घ्यावयाची दक्षता आणि दोषांची तातडीनुसार प्रतवारी सांगणे.

३. विषयाची व्याप्ती :

प्रस्तुत विवेचन पुढील चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या, रॅक व पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असलेल्या छोट्या गाड्यांपुरते मर्यादित आहे. भारतातील बहुसंख्य छोट्या कौटुंबिक गाड्यांची रचना याच प्रकारची आहे.

४. स्टिअरिंग यंत्रणेची रचना :

वळण घेताना आतील बाजूचे चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरील चाक मोठ्या वर्तुळावर फिरते. म्हणून दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळवून चालत नाही. म्युनिक येथील गाडीकारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने यावर शोधलेल्या उपायाचे पेटंट रुडॉल्फ अ‍ॅकरमन याने १८१८ साली इंग्लंडमध्ये घेतले. प्रत्येक चाक स्वतंत्र बिजागरीवर वळावे आणि दोन्ही चाके दांड्यांनी परस्परांशी जोडलेली असावीत, हे त्यातील तत्त्व आजही कायम आहे. मात्र त्यामुळे यंत्रणेत सांध्यांची संख्या वाढली, आणि जेथे सांधा आहे तेथे झीज आहे.

चालकाच्या हातातील चक्रापासून चाकापर्यंतचा मार्ग असा सांगता येईल. चक्राखाली स्टिअरिंग कॉलम असतो. चक्र आणि कॉलम यांच्यामध्ये हॉर्न व एअरबॅग यांना वीज पोहोचविणारी गुंडाळलेली चपटी तार असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. कॉलमच्या खालच्या टोकास एक छोटा मधला दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. हा दांडा पिनियन या लहान दातेरी चाकास फिरवितो. पिनियनचे दाते रॅक या आडव्या दातेरी दांड्यात अडकलेले असल्याने चक्राची गोल फिरकी रॅकच्या डाव्या-उजव्या सरळ हालचालीत रूपांतरित होते. रॅकच्या दोन्ही टोकांना रॅक एंड, त्यापुढे टाय रॉड एंड आणि शेवटी चाकाचा आधार असणारा नकल अशी ही साखळी पूर्ण होते.

याच नकलला इतर भागही जोडलेले असतात. खाली बॉल जॉइंटद्वारे लोअर आर्म, वर स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेला स्ट्रट आणि मध्यभागी इंजिनाची शक्ती आणणारा, सीव्ही जॉइंट असलेला अ‍ॅक्सल. वळणावर गाडी कलू नये म्हणून बसविलेला स्टॅबिलायझर बार लिंक रॉडच्या साहाय्याने स्ट्रटला किंवा लोअर आर्मला जोडलेला असतो. चाक वळते तेव्हा स्ट्रट व त्यावरील स्प्रिंगही वळते. त्यासाठी स्ट्रटच्या माथ्यावर एक बेअरिंग असते. तात्पर्य, स्टिअरिंग फिरविल्यावर केवळ स्टिअरिंगच नव्हे, तर सस्पेन्शनचा मोठा भाग हलतो. म्हणूनच ‘स्टिअरिंगचा आवाज’ म्हणून सांगितला जाणारा आवाज पुष्कळदा स्टिअरिंगचा नसतोच.

चालकाचे श्रम कमी करणारी पॉवर स्टिअरिंगची सोय दोन प्रकारची आहे. १९५१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने इम्पीरियल या गाडीतून तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग प्रथम बाजारात आणले. त्यात इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप असतो. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले. आज छोट्या गाड्यांत हाच दुसरा प्रकार रूढ आहे. त्यात तेल, पंप व पट्टा यांपैकी काहीच नसते. तेव्हा आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आधी पाहावे. संशयित भागांची यादी तेथेच निम्मी होते.

५. आवाजाची भौतिक कारणे :

मराठीत आवाजांसाठी अनुकरणवाचक शब्दांची समृद्धी आहे. कुरकुर, कटकट, टकटक, खडखड, घरघर, चिरचिर हे शब्द सामान्य माणूस सहजपणे वापरतो आणि नकळत त्यांतून भौतिक प्रक्रियेचे वर्णन करतो. स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

अ) कुरकुर : दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणाहून अधिक असते. त्यामुळे पृष्ठभाग क्षणभर चिकटतो, ताण वाढताच सुटतो आणि पुन्हा चिकटतो. दाराची बिजागरी कुरकुरते ती याच कारणाने. कोरडा बॉल जॉइंट, कडक झालेले रबरी बुश आणि स्ट्रटच्या माथ्यावरील गंजलेले बेअरिंग यांचा आवाज या प्रकारात मोडतो.

आ) कटकट किंवा खडखड : झिजलेल्या सांध्यात मोकळी जागा निर्माण होते. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘प्ले’ म्हणतात. धक्का बसताच एक भाग दुसऱ्यावर आपटतो. हा आघाताचा आवाज होय.

इ) ठरावीक लयीतील टकटक किंवा घरघर : हा आवाज फिरणाऱ्या भागाचा असतो. चाकाचा वेग वाढला की त्याची लयही वाढते. सीव्ही जॉइंट व व्हील बेअरिंग यांचे आवाज असे असतात.

ई) गुणगुण, घुंघुं किंवा चिरचिर : तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल कमी झाल्यास पंप हवा ओढतो व घुंघुं असा आवाज करतो. पट्टा ढिला असल्यास तो पुलीवर घसरून चिरचिरतो.

तथापि, आवाजाच्या वर्णनास मर्यादा आहेत. एकाच्या कानास जी कटकट ती दुसऱ्यास टकटक वाटते. शिवाय धातूच्या सांगाड्यातून ध्वनी दूरवर वाहून जातो. डाव्या चाकापाशी निर्माण झालेला आवाज चालकाच्या पायाखालून आल्यासारखा भासतो. म्हणून केवळ कानावर विसंबून निर्णय घेणे योग्य नव्हे.

६. निदानाची पद्धत – चार बदलते घटक :

प्रयोगशाळेत एका घटकाचा परिणाम पाहताना इतर घटक स्थिर ठेवले जातात. गाडीच्या आवाजालाही हेच तत्त्व लागू पडते. येथे बदलणारे घटक चार आहेत : स्टिअरिंगचा कोन, इंजिनाची गती, चाकांची गती आणि रस्त्याचा पृष्ठभाग. यांपैकी कोणता घटक बदलल्यावर आवाज सुरू होतो अथवा बदलतो हे समजले, की दोषाचे क्षेत्र निश्चित होते.

चाचण्या सुरू करण्यापूर्वी गाडी रिकामी करावी. डिकीतील जॅक, पाना, सुटे चाक, दारातील बाटल्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातील वस्तू यांचे आवाज अनेकदा यंत्रणेच्या माथी मारले जातात. बॅटरी तिच्या पट्टीत घट्ट बसली आहे ना, हेही पाहावे. टायरमधील हवा योग्य करून घ्यावी. त्यानंतर पुढील सहा चाचण्या मोकळ्या मैदानात किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर क्रमाने कराव्यात.

पहिली चाचणी : गाडी उभी, इंजिन बंद, किल्ली स्टिअरिंगचे कुलूप उघडेल अशा स्थितीत. चक्र दोन्ही बाजूंना थोडेथोडे फिरवावे. येथे इंजिन व चाकांची गती दोन्ही शून्य आहेत. चक्रापाशीच सळसळ ऐकू आल्यास क्लॉक स्प्रिंग, कॉलमवरील प्लास्टिकचे आवरण किंवा कॉलम जेथून खाली जातो तेथील रबरी बूट यांचा संशय घ्यावा. छोट्या झटक्यांनी फिरवताना हातास व पायास ‘टक्’ असे जाणवल्यास मधल्या दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट पाहावा.

दुसरी चाचणी : गाडी उभी, इंजिन चालू, चक्र पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे. बॉनेटखालून, चाकाच्या वरच्या बाजूने कुरकुर किंवा मध्येच ‘टण्’ असा आवाज आल्यास स्ट्रटवरील बेअरिंग अडकत असण्याचा संभव असतो. स्प्रिंग चाकाबरोबर सहज न वळता पिळली जाते आणि एकदम सुटते. सहकाऱ्याने स्प्रिंगवर बाहेरून तळहात टेकविल्यास हा झटका हातास स्पष्ट जाणवतो. बोटे मात्र स्प्रिंगच्या वेढ्यांत जाऊ देऊ नयेत. उभ्या गाडीचे टायर फरशीवर घासून येणारा आवाज हा दोष नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी चाचणी : गाडी उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबावा व चक्र फिरवावे. इंजिनाच्या गतीबरोबर आवाज वाढत असेल, तर तेलावर चालणाऱ्या प्रकारात पंप, तेल व पट्टा हेच संशयित उरतात. चक्र पूर्ण टोकास नेल्यावर थोडी सुसू ऐकू येणे स्वाभाविक आहे. त्या वेळी अतिरिक्त दाब झडपेतून सोडला जात असतो. परंतु चक्र त्या स्थितीत दाबून धरल्यास तेल तापते व पंपावर ताण येतो, म्हणून काही क्षणांहून अधिक तसे धरू नये. विजेवर चालणाऱ्या प्रकारात मोटरची अत्यंत मंद गुणगुण स्वाभाविक असते.

चौथी चाचणी : गुळगुळीत जागेवर चक्र पूर्ण वळवून अत्यंत कमी वेगाने आधी डावीकडे व मग उजवीकडे वर्तुळे घ्यावीत. वेगाबरोबर लय वाढणारी टकटक आल्यास ती बाहेरील सीव्ही जॉइंटची असण्याची शक्यता सर्वाधिक असते. खात्री करण्यासाठी चाकाच्या आतील बाजूस पाहावे. जॉइंटवरील रबरी बूट फाटलेला असल्यास आतील ग्रीस चाकाच्या आतील कडेवर उडालेले दिसते. वळताना केवळ टोकाच्या स्थितीत घासल्याचा आवाज येत असल्यास टायर चाकावरील प्लास्टिकच्या आवरणास लागत नाही ना, हे तपासावे. मूळ मापापेक्षा रुंद टायर बसविलेल्या गाड्यांत ही शक्यता विशेष असते.

पाचवी चाचणी : खडबडीत रस्त्यावर सरळ दिशेत, कमी वेगाने. येथे केवळ पृष्ठभाग हा घटक बदलला आहे. खडखड आल्यास लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, रॅक एंड आणि शेवटी रॅक अशा क्रमाने विचार करावा. या यादीत रॅक मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

सहावी चाचणी : गुळगुळीत रस्त्यावर सरळ, मध्यम वेगाने. घरघर येत असल्यास हलकेच किंचित डावीकडे व उजवीकडे वळावे. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढल्यास डावे व्हील बेअरिंग संशयित ठरते. याउलट डावीकडे वळताना वाढल्यास उजवे. चालत्या गाडीत इंजिन बंद करून आवाज ऐकण्याचा प्रयत्न कदापि करू नये. ब्रेकची मदत कमी होते आणि स्टिअरिंगला कुलूप लागण्याचा धोका असतो.

या सहा चाचण्यांस अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. त्यांचे उत्तर एका कागदावर लिहून मिस्त्रीच्या हाती दिल्यास त्याचे काम निम्म्याने हलके होते. आवाज सकाळी गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, पावसात भिजल्यावर थांबतो की वाढतो, याचीही नोंद त्यात असावी. पाण्याने काही काळ थांबणारी कुरकुर बहुधा रबराची असते. ही माहिती रोज गाडी चालविणाऱ्याकडेच असते. गॅरेजमधील कोणतेही उपकरण ती पुरवू शकत नाही.

७. प्रत्यक्ष तपासणी :

चाचण्यांतून क्षेत्र निश्चित झाल्यावर सांध्यांची तपासणी करावी. सपाट जागा, हँडब्रेक, मागील चाकांना अडसर आणि जॅकबरोबर लोखंडी स्टँड या चार गोष्टींविना गाडी उचलू नये. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देणे जिवावर बेतू शकते.

उचललेले पुढील चाक डाव्या व उजव्या कडांना धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास सहकाऱ्याने टाय रॉड एंड व रॅक एंडवर आळीपाळीने बोटे ठेवावीत. झिजलेल्या सांध्यात दोन भाग एकमेकांच्या मागे-पुढे हलल्याचे हातास कळते. त्यानंतर चाक वरच्या व खालच्या कडांना धरून हलवावे. येथील ढिलेपणा व्हील बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा असतो. अशा वेळी सहकाऱ्यास ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये, कायम राहिला तर बॉल जॉइंटमध्ये असण्याचा संभव अधिक.

काही सांध्यांतील दोष गाडीचा भार चाकांवर असतानाच प्रकट होतो. म्हणून गाडी रॅम्पवर चाकांवर उभी ठेवून एकाने चक्र भराभर थोडेथोडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्यास स्पर्श करावा, ही जोडचाचणीही आवश्यक आहे. पॅरिसमध्ये रने लाएनेक या वैद्याने १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला, त्यामागे छातीतील नेमका कोणता भाग आवाज करतो हे ठरविण्याची गरज होती. मिस्त्रीसुद्धा लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक संशयित भागावर व मूठ कानाजवळ ठेवून तेच साधतो. फिरत्या पट्ट्याजवळ मात्र हा प्रयोग करू नये.

कुरकुरीच्या बाबतीत आणखी एक सोपी कसोटी आहे. संशयित सांध्यांपैकी एकाच सांध्यावर सिलिकॉन स्प्रे मारून गाडी हलवून पाहावी. आवाज न बदलल्यास पुढील सांधा घ्यावा. सर्व सांध्यांवर एकदम फवारणी केल्यास आवाज थांबेल, पण कारण कळणार नाही. रबरी बुशवर इंजिन ऑइल वा डिझेल लावण्याची सवय घातक आहे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व लवकर निकामी होते.

८. दुरुस्ती व दक्षता :

लिंक रॉड बदलणे हे त्यातल्या त्यात सोपे व कमी खर्चाचे काम आहे. दोन्ही बाजूंचे रॉड एकाच वेळी बदलणे इष्ट.

टाय रॉड एंड काढताना तो किती आट्यांवर बसला होता हे मोजून नवा त्याच ठिकाणी बसवावा. त्याच्या नटात अडकविली जाणारी पिन प्रत्येक वेळी नवी असावी. पिनेचे छिद्र जुळत नसल्यास नट किंचित पुढे आवळावा, मागे सैल करू नये. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट अनिवार्य आहे; अन्यथा आवाज जातो, पण टायर काही महिन्यांत एका बाजूने झिजतात.

लोअर आर्मचे बुश बदलताना बोल्टची अखेरची आवळणी गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच करावी. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळल्यास गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. नवे बुश थोड्याच काळात निकामी होण्याचे हे एक दुर्लक्षित कारण आहे.

सीव्ही जॉइंटवरील रबरी बूट फाटल्याचे आवाज येण्यापूर्वीच लक्षात आले, तर बूट व ग्रीस बदलून भागते. टकटक सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो. पावसाळ्यात चिखल व वाळूमिश्रित पाणी फाटक्या बुटातून आत शिरते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी सर्व रबरी आवरणांची पाहणी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

पॉवर स्टिअरिंगचे तेल कमी झाल्यास ते नुसते भरून थांबू नये, गळती शोधावी. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच तेल वापरावे. तेलास फेस आला असल्यास त्यात हवा शिरली आहे असे समजावे. पुढील चाके उचलून इंजिन बंद असताना चक्र अनेक वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरविल्यास व तेलाची पातळी राखल्यास बहुतांश हवा बाहेर पडते.

रॅकमध्ये दाते घट्ट लागून राहावेत म्हणून स्प्रिंगने दाबलेला एक आधार व त्याचा स्क्रू असतो. खडखड थांबावी म्हणून तो वाजवीपेक्षा अधिक आवळला, तर वळणानंतर चक्र आपोआप मध्यावर येत नाही. आवाज थांबवून धोका निर्माण करणारी ही दुरुस्ती होय. चक्र व क्लॉक स्प्रिंग यांना हात लावण्याचे काम अधिकृत वर्कशॉपवर सोपवावे, कारण तेथे एअरबॅग असते.

९. एक उदाहरण :

समजा, आठ वर्षे वापरलेल्या एका छोट्या गाडीतून खडबडीत रस्त्यावर हळू जाताना कटकट येते आणि रॅक बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. पहिल्या चार चाचण्यांत आवाज नाही. म्हणजे कॉलम, पंप, स्ट्रट बेअरिंग व सीव्ही जॉइंट वगळता येतात. सहाव्या चाचणीत घरघर नाही. व्हील बेअरिंगही वगळले. आवाज केवळ पाचव्या चाचणीत येतो. चाक उचलून हलविल्यावर ढिलेपणा नाही, भाराखालील जोडचाचणीत टाय रॉड एंड व रॅक एंड स्थिर आहेत, बॉल जॉइंट व बुश ठीक आहेत. आता उरले लिंक रॉड आणि रॅक. दोन्ही लिंक रॉड तात्पुरते सोडवून, बार कोठे आपटणार नाही असा बांधून, त्याच रस्त्यावर अगदी कमी वेगाने थोडे अंतर जावे. कटकट थांबली तर दोष लिंक रॉडमध्ये आहे व रॅक निर्दोष आहे. न थांबल्यासच रॅककडे वळावे. या उदाहरणात प्रत्येक पायरीने एक शक्यता पुराव्यानिशी बाद झाली. एकही भाग अंदाजाने बदलावा लागला नाही.

१०. तातडीनुसार प्रतवारी व कायद्याची अपेक्षा :

सर्वच आवाज सारखे गंभीर नसतात. त्यांची तीन गटांत विभागणी करता येते.

१) गाडी तत्काळ थांबवावी : टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंटमध्ये स्पष्ट प्ले, चक्र फिरविताना अडकणे, गाडी सरळ न चालता भरकटणे, चक्र एकाएकी जड होणे. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये.
२) काही दिवसांत दुरुस्ती करावी : सीव्ही जॉइंटची टकटक, व्हील बेअरिंगची घरघर, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची गळती, क्लॉक स्प्रिंगची सळसळ. शेवटच्या बाबतीत तार तुटल्यास हॉर्न वाजत नाही व एअरबॅगचा दिवा लागतो, म्हणजेच अपघाताच्या वेळी ती एअरबॅग उघडण्याचा भरवसा राहत नाही.
३) सवडीने पाहावे : लिंक रॉडची खडखड, बुशची कुरकुर, पट्ट्याची सकाळची चिरचिर. मात्र यांतील कोणताही आवाज वाढू लागल्यास त्याची पुन्हा तपासणी करावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ या संदर्भात उल्लेखनीय आहे. स्टिअरिंग चक्रातील मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असू नये, बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी संरक्षित असावेत आणि जोडणीतील बोल्ट वा पिना पक्क्या जखडलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. यातील ३० अंश ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, सुस्थितीचे माप नव्हे. रॅक पद्धतीच्या गाडीत याहून बऱ्याच कमी हालचालीतही झीज झाल्याचे समजावे. नियमात रबरी टोपीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा स्वतंत्र उल्लेख आहे. टोपी फाटली की ग्रीस जाते, ग्रीस गेले की सांधा झिजतो आणि सांधा झिजला की तो निखळतो, ही कारणपरंपरा त्यामागे आहे.

११. निष्कर्ष :

१) ‘स्टिअरिंगचा आवाज’ हा अनेक भागांच्या दोषांचे समान लक्षण आहे, त्यावरून थेट एखादा भाग बदलणे अशास्त्रीय ठरते.
२) आवाजाच्या स्वरूपापेक्षा स्टिअरिंगचा कोन, इंजिनाची गती, चाकांची गती व पृष्ठभाग या चार घटकांशी असलेला त्याचा संबंध निदानास अधिक उपयुक्त आहे.
३) तपासणीचा क्रम स्वस्त व सुलभ भागाकडून महाग व दुर्गम भागाकडे असावा; सुरक्षिततेशी थेट संबंधित असलेले टाय रॉड एंड व बॉल जॉइंट मात्र प्रत्येक वेळी, आवाज कोठूनही येत असला तरी, तपासावेत.
४) आवाज थांबणे म्हणजे दोष दूर होणे नव्हे. ग्रीस वा स्प्रेने झिजलेला सांधा काही दिवस गप्प होतो, पण तो झिजलेलाच राहतो.
५) निदानासाठी लागणारी सर्वांत मोलाची माहिती गाडीच्या नित्य चालकाकडे असते. ती नेमक्या शब्दांत मिस्त्रीपर्यंत पोहोचविणे ही त्याची जबाबदारी आहे. ‘आवाज येतो’ याऐवजी ‘गाडी उभी असताना, इंजिन चालू करून चक्र डावीकडे फिरविल्यावर चाकाच्या वरच्या बाजूने कुरकुर येते’ असे एक वाक्य सांगितले, तरी दुरुस्तीची दिशा बदलते.